गावनकाशातली तुटक रेघ

गेल्या दिवाळीपासून आमच्या सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींत आणि नदीपलीकडच्या शेतकऱ्यांत एका पाणंदीवरून वाद सुरू आहे. कोल्हापूरचा शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडीच्या अंगानं चिखलीकडं जाताना डांबरी रस्ता सोडला की डाव्या हाताला उसाच्या रानातून एक वाट जाते, तीच ही पाणंद. एक बाजू म्हणते, मुरमाची भर टाकून ती उंच करा आणि वर काँक्रीट करा. दुसरी बाजू म्हणते, एका झाडालाही हात लावू नका, आहे तशी राहू द्या. पहिल्या बाजूला बहुतेक जण तिथं रान असलेले, दुसऱ्या बाजूला बहुतेक जण माझ्यासारखे, पेठेत राहणारे. शेतकरी आम्हाला हौशी म्हणतात, आमच्यातले काही त्यांना झाडांचे वैरी म्हणतात. चार महिने झाले, वाद त्या दोन शब्दांपुढं सरकलेला नाही. गावनकाशा कुणी उघडला नाही, पावसाळ्यात पाणी कुठून कुठं जातं ते कुणी उभं राहून पाहिलं नाही, आणि त्या वाटेनं रोज पायी जाणाऱ्या बायकांना तर कुणी विचारलंच नाही.

माझं मत आधीच सांगते. पाणंद सुधारली पाहिजे. उसाच्या ट्रॉलीसाठी तिचा काही भाग पक्का झाला तरी माझी हरकत नाही. पण तिच्या एका काठाला पायी चालणाऱ्याची मातीची पट्टी आणि पाण्याची चर राहिलीच पाहिजे. शहरातल्या माणसाला मोकळी हवा मिळावी एवढ्यासाठी मी हे म्हणत नाही. पायी चालणाऱ्याचा त्या वाटेवर हक्क आहे आणि तो ट्रॉलीच्या हक्काहून जुना आहे. आणि तो टिकवायचा असेल तर आपण, शहरातल्या माणसांनी, ती वाट चालली पाहिजे. वर्षातून एकदा फोटो काढायला जाऊन भागणार नाही, आठवड्यातून दोन-तीनदा तरी जायला हवं.

ही वाट मला नवी नव्हती. लहानपणी संक्रांतीपासूनच्या महिन्यात आजी मला प्रयागाला आंघोळीला न्यायची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती जिथं एक होतात आणि पुढं पंचगंगा म्हणून वाहतात, ते प्रयाग चिखली. पुढं नोकरी आली, लग्न झालं, स्कूटर आली, आणि वीसेक वर्षं मी चिखलीला गेले ती डांबरी रस्त्यानं. मागच्या वर्षी संक्रांतीला आबांनी हट्ट धरला. वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, ‘गाडीवरनं जाऊन कसलं प्रयाग? चालत जाऊया.’ तास-दीड तासाच्या वाटेला आम्हाला अडीच तास लागले आणि त्या अडीच तासांत माझ्या लक्षात आलं की जी वाट मी पाठ असल्यासारखी सांगत होते ती मला मुळीच ठाऊक नव्हती. माझ्या आठवणीत ती सपाट होती. प्रत्यक्षात ती नदीकाठच्या मळीतून काळ्या रानात चढते आणि सोनतळीकडच्या माळाचा उंचवटा लांबून दाखवते. हा चढ २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही महापुरांत माणसांच्या जिवाशी निगडित होता, कारण चिखलीची माणसं आणि जनावरं सोनतळीच्या त्या उंचावर हलवली जातात. आबांनी मला करंजाच्या खोडावरची गाळाची फिकट रेघ दाखवली, माझ्या डोक्याच्याही वर. मग उसाचं सांगितलं. आडसाली ऊस रानात सोळा-अठरा महिने उभा असतो. तो वाढला की ही वाट बोगद्यासारखी होते, वर फक्त आभाळाची पट्टी आणि दोन्ही बाजूंना पात्यांची सळसळ. तोड झाली की एका दिवसात सगळं उघडं पडतं आणि वायव्येला जोतिबाचा डोंगर आणि त्याच्यामागं पन्हाळा दिसायला लागतो. आजीबरोबर मी गेले ते ऊस उभा असताना, त्यामुळं इथून जोतिबा दिसतो हे मला पन्नाशीत कळलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मी त्या वाटेनं जाते.

पुलाच्या अलीकडं, नदीकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. रोज तिच्या शेजारून हजारो गाड्या जातात. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथं उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. तिथं सापडलेली पोसायडन या सागरदेवाची काशाची छोटी मूर्ती आज आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. समुद्रापासून इतकं आत, सह्याद्रीच्या या अंगाला, रोमन जगातला सागरदेव कसा आला? कुठल्या तरी बंदरावरून घाट चढून, माणसाच्या किंवा बैलाच्या पाठीवर. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी नदीच्या या काठावर वाटा येऊन मिळत होत्या आणि वाटा येऊन मिळत होत्या म्हणून तिथं गाव वसलं. त्यानंतरच्या प्रत्येक पिढीत कोल्हापूर आपल्या पाणंदींवर जगलं आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं दूध, पहाटेच्या बाजारातली मेथी आणि पोकळा, गुऱ्हाळावरून शाहूपुरीच्या बाजारात जाणाऱ्या गुळाच्या ढेपा, हे सगळं आधी बांधावरून पाणंदीत आलं आणि मग रस्त्याला लागलं. शहराला पाणंद ही शेतकऱ्याची खासगी बाब वाटत असेल तर शहर स्वतःचा इतिहास विसरलं आहे.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं घेऊ, आणि त्यातलं सगळ्यात जड म्हणणं आधी. तोडलेला ऊस वाट बघत पडला की त्याचं वजन घटतं आणि साखरेचा उतारा घसरतो. कारखान्याची तोड आली त्या दिवशी पाणंदीत चिखल असेल तर ट्रॉली रुतते, कधी उलटते, दुसरा ट्रॅक्टर जोडून ती ओढावी लागते आणि तो खर्च शेतकऱ्याच्याच बोकांडी बसतो. पावसाळ्यात रानातल्या वस्तीवर कुणी आजारी पडलं तर माणसाला खाटेवर घालून बाहेर काढायची वेळ येते. हे ज्यानं सोसलं आहे त्याला करंजाची सावली आणि वेडा राघू यांचं कौतुक ऐकवणं निर्दयपणाचं आहे. म्हणूनच सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, आणि ती गरजेची होती. आणखी एक उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. शिवाजी पुलाला पर्यायी पूल बांधायला घेतला आणि ब्रह्मपुरीच्या संरक्षित परिसराच्या नियमांत तो काही वर्षं अडकून पडला. जुन्या, अरुंद पुलावरून वाहतूक चालूच राहिली. २०१८ च्या जानेवारीत त्याच पुलावरून एक मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. त्या रात्री मदतीला धावलेल्या पेठेतल्या पोरांना मी ओळखते. ‘वारसा जपा’ हे शब्द कानावर पडले की त्यातले काही आजही तोंड फिरवतात, आणि त्यांना चूक म्हणायचं धाडस माझ्यात नाही. जपणुकीचा आग्रह जिवंत माणसांच्या गरजेआड आला तर काय होतं ते या शहरानं पाहिलं आहे. म्हणून ‘आहे तसं राहू द्या’ या बाजूला मी नाही.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? पाणंद चांगली हवी, इतकाच. ती उंच आणि गुळगुळीत हवी असा निष्कर्ष निघत नाही. नदीकाठची पाणंद शेजारच्या रानापेक्षा खोल का असते, याचा विचार काँक्रीटवाल्यांनी केलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाकांनी आणि खुरांनी ती खणली गेली, दोन्ही बाजूंची रानं नांगरून बांध चढत गेले, आणि मृगापासून वरच्या रानांतलं पाणी तिच्यातून ओढ्याकडं जायला लागलं. म्हणजे आठ महिने ती वाट असते आणि चार महिने नाला. तिच्यात भर घालून ती दोन फूट उंच केली की तुम्ही नाला बुजवून त्याच जागी बांध घातलात. मग वरच्या बाजूचं पाणी वरच्याच बाजूच्या उसात उभं राहणार, मुळं कुजणार आणि पुढच्या वर्षी तोच शेतकरी जेसीबी आणून काँक्रीट फोडायला निघणार. ही माझी कल्पना नव्हे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्या वर. दोन्ही वेळा आपण सगळ्यांनी एका आवाजात तक्रार केली की महामार्गाच्या भरावानं पाणी तुंबलं, भराव काढा आणि खाली कमानी द्या. महामार्गाचा भराव पाणी अडवतो हे ज्यांना कळतं त्यांना आपल्या शिवारातला भराव पाणी अडवेल हे का कळू नये? पाणंदीचा तळ आहे त्या उतारावर ठेवून दगडाची सोलिंग करता येते, एका बाजूला चर काढता येते, ओढ्याच्या तोंडाशी मोरी घालता येते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा आपल्याच मातीतला धडा आहे. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारातल्या फळ्या, काढायचे आणि नदीला जाऊ द्यायचं, पाऊस ओसरला की बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं. नदीला वाट देऊनच तिच्याकडून काम करून घेणारी माणसं आपण आहोत. ते शहाणपण नदीवर वापरायचं आणि पाणंदीत विसरायचं, हे बरोबर नाही.

झाडांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही काही ऐकवायला हवं, कारण ती माझी माणसं आहेत. त्यांच्या बोलण्यात जुनी पाणंद म्हणजे सावली, शांतता, पक्षी. आमच्या भागात ‘पाणंदीला जाणे’ याचा अर्थ काल-परवापर्यंत काय होता, ते त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावं. शौचालयं बांधण्याची मोहीम आली तेव्हा आपल्या जिल्ह्यात तिला ‘पाणंदमुक्ती’च म्हटलं गेलं. दिवस मावळायची वाट बघत बसलेल्या बायकांची ती वाट होती, नाकाला पदर लावून चालायची. आणि सगळ्यांना ती सारखी खुलीही नव्हती. कुणी कुठल्या बाजूनं जायचं, कुणाची सावली कुठं पडू द्यायची नाही, कुठल्या विहिरीजवळून पाय उचलून पुढं व्हायचं, हे सगळं जुन्या शिवारात ठरलेलं असायचं. म्हणून ‘पूर्वीची पाणंद परत द्या’ ही मागणी मला मान्य नाही. मला हवी ती सार्वजनिक पाणंद, आणि सार्वजनिक या शब्दाला कोल्हापुरात किंमत मोजून मिळवलेला अर्थ आहे. १९१९ साली शाहू महाराजांनी संस्थानात हुकूम काढले की सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही. चार वर्षांनी, १९२३ मध्ये, मुंबईच्या कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असल्याचं कागदावर आलं. तरी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी दलितांना मिळत नव्हतं. ते मिळालं २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागं हजारो माणसं पायी चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली तेव्हा. त्या लढ्याशी आमच्या पाणंदीची बरोबरी मी करत नाही, करणं पापच ठरेल. पण त्या लढ्यानं शिकवलेली गोष्ट सगळ्या सार्वजनिक जागांना लागू आहे. कागदावरचा हक्क वापरणारी माणसं जागेवर हजर नसतील, तर तो कागदावरच राहतो.

यावर मला विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न एका मैत्रिणीचा आहे. ती म्हणाली, ‘तू जा. मी पहाटे साडेपाचला उसाच्या फडातून एकटी जाणार नाही आणि माझ्या मुलीलाही जाऊ देणार नाही. रंकाळ्यावर दिवे आहेत, माणसं आहेत.’ बरोबर आहे तिचं. दोन्ही बाजूंना दहा-बारा फूट ऊस उभा असताना मलाही पहिल्या दोन आठवड्यांत धडधडायचं. पाचट नुसतं वाजलं तरी पाय थबकायचा. पण तिसऱ्या आठवड्यात मला दिसलं की ती वाट रिकामी नव्हतीच. सात वाजता भांगलणीला निघालेल्या बायका तिथून जातात, सात-आठ जणी, डोक्यावर जेवणाचं फडकं, हातात खुरपं, पायात कुणाच्या चप्पल, कुणाच्या नाही. पहिल्यांदा त्यातलीच एक मला म्हणाली, ‘कुणीकडं निघालासा, बाई? एकट्याच व्हय?’ तेव्हापासून मी त्यांच्या वेळेला जाते. ती वाट आपल्याला निर्मनुष्य वाटते, कारण तिच्यावरून चालणाऱ्या माणसांना आपण माणसांत धरत नाही. आणि काँक्रीट झाल्यावर या बायका कुठून चालणार, हा प्रश्न अजून एकाही बैठकीत आलेला नाही. दहा फुटांच्या काँक्रीटवरून भरधाव मोटरसायकली निघाल्या की डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई बाजूला कुठं होणार? भारा डोक्यावर असताना मागं वळून बघता येत नाही. ज्यांना ‘हौशी’ म्हणून बाजूला सारलं जातं त्यांच्यासाठी पायवाट हवी की नको हा वाद घडीभर सोडून देऊ. रानात राबणाऱ्या बाईसाठी ती हवी की नको, याचं उत्तर काँक्रीटवाल्यांनी द्यावं.

शेतकऱ्यांचा राग मात्र मला समजतो. शहरातून येणारी माणसं काय करतात ते मी स्वतः पाहिलं आहे. मळीत बसून प्यायचं आणि बाटली बांधावर फोडून टाकायची. ती काच पुढं नांगरटीत मिसळते आणि भांगलणाऱ्या बाईच्या तळव्यात जाते. गाडीतून आणलेला कचरा ओढ्यात उलटतात, कोवळा हरभरा उपटतात, लग्नाआधीचे फोटो काढायला उसाच्या सऱ्या तुडवतात. अशा माणसांच्या पायात काटा घालावा असं शेतकऱ्याला वाटलं तर नवल नाही. पण त्यावर उपाय म्हणून वाटच बंद केली तर अडते कोण? बाटलीवाला गाडीतून येतो, त्याला दुसरी जागा सापडते. अडतो तो रोजचा माणूस. मी गेलं वर्षभर त्या वाटेनं जाते, तर आता कुठल्या रानात कुणाचा खोडवा आहे, कुणाची मोटर जळली, कुणाची म्हैस व्याली हे मला कळतं. एकदा पाइप फुटून दंडाचं पाणी वाटेवर आलं होतं, ते मी फोन करून सांगितलं आणि त्या माणसाची अख्खी रात्र वाचली. ओळखीचा चेहरा शिवारात रोज दिसला तर चोराला आणि दारुड्याला तो नको असतो. वर्दळ शिवाराची राखणही करते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं.

आमच्यातल्या काहींचं म्हणणं असं की एवढा आटापिटा कशाला, महापालिकेकडं आणखी एक चांगला ट्रॅक मागावा. मागावा की. रंकाळ्याच्या काठावरून मीही पाच वर्षं फिरले आणि त्या फिरण्यानं माझी साखर आटोक्यात आली, ते उपकार मी विसरणार नाही. पण ट्रॅकवर माणूस स्वतःभोवती फिरतो. किती पावलं झाली, किती मिनिटं झाली. तो कुठं पोचत नाही आणि त्याला कुणी ‘कुणीकडं निघालासा’ असं विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की तो कुठंच निघालेला नाही. पाणंद एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, मधे लोकांची कामं चाललेली असतात, आणि त्या कामांतून आपलं जेवण येतं. हा फरक व्यायामाचा नाही, नात्याचा आहे. दुसरीकडं काही जणांना वाटतं की चालणं म्हणजे पन्हाळा ते पावनखिंड. दर जुलैत हजारो लोक भर पावसात ती मोहीम करतात, मीही दोनदा केली आहे, आणि त्या चिखलात पाय रुतताना अंगावर काटा येतो. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हा आपण पेढे वाटले. पण १६६० च्या त्या रात्री वेढ्यातून महाराज बाहेर पडले ते कुठल्या वारसास्थळावरून? ज्या आडवाटा मुलखातल्या माणसांच्या रोजच्या पायाखालच्या होत्या, अंधारात आणि पावसातही ज्या चुकल्या नाहीत, त्यांवरून. किल्ल्याचा दगड न दगड राखायचा आणि किल्ल्याच्या मुलखातल्या वाटा एकेक करून बुजू द्यायच्या, तर मग आपण नेमकं काय राखलं?

आता नकाशाकडं येते, कारण या वादाचं उत्तर बरंचसं तिथंच आहे. गावनकाशात बैलगाडीचा मार्ग दुहेरी तुटक रेघांनी दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेघेनं. गाडीमार्गाची रुंदी १६.५ ते २१ फूट, पायमार्गाची ८.२५ फूट. हे आकडे मोजणीच्या साखळीतून आले. साखळी ३३ फुटांची, तिचा निम्मा कमीत कमी गाडीमार्ग आणि पाव पायमार्ग. ज्या साखळीनं तुमचा गुंठा मोजला, ३३ बाय ३३, त्याच साखळीनं चालणाऱ्याची वाटही मोजलेली आहे. आमच्या पाणंदीचा पहिला टप्पा, मोठ्या उंबरापर्यंतचा, नकाशात दुहेरी रेघेचा आहे. म्हणजे कमीत कमी १६.५ फूट. ट्रॉलीसाठी तीन मीटर, म्हणजे जवळपास दहा फूट, पक्के केले तरी सहा-साडेसहा फूट उरतात. त्यात चर बसते, मातीची पट्टी बसते आणि काठाची झाडंही बसतात. चार महिने आपण ज्याच्यासाठी भांडलो त्यातलं काहीच सोडायची गरज नाही. फक्त दोन्ही बाजूंनी वर्षागणिक आत सरकलेले बांध जागेवर न्यावे लागतील. वाद झाड विरुद्ध ट्रॉली असा कधीच नव्हता. वाटेची जागा कुणी खाल्ली हा खरा प्रश्न होता, आणि तो विचारायला दोन्ही बाजू घाबरत होत्या, कारण उत्तरात शेजाऱ्याचं नाव येतं.

उंबराच्या पुढं, नदीकडं, रेघ एकेरी होते. आजी मला घेऊन जायची ती हीच पायवाट. दसऱ्यानंतर तिथं एका जागी तारेचं कुंपण आडवं आलं आहे. कुणी घातलं ते सगळ्यांना माहीत आहे, मी इथं नाव लिहिणार नाही, समोरासमोर त्यांच्याशी बोलणं झालं आहे. ते म्हणाले, ‘इथनं आता कोण जातंय, ताई?’ या प्रश्नात सगळं आलं. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदार वाटेवरचा असा अडथळा काढायला लावू शकतात, पण त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. सहा महिने कुणीच त्या वाटेनं गेलं नाही तर अडथळा झाला हे तरी कुणाला कळणार? आम्हाला कळलं, कारण आबा आणि मी संक्रांतीला परत चालत निघालो होतो आणि तारेपाशी थांबलो. आबांनी तार हातानं हलवून पाहिली आणि मला म्हणाले, ‘नकाशा काढ.’

नकाशाची प्रत आता माझ्या टेबलावर आहे. अर्जावर अकरा सह्या झाल्या आहेत, त्यांतल्या सात शेतकऱ्यांच्या, दोन भांगलणीला जाणाऱ्या बायकांच्या. काँक्रीट हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघेही त्यात आहेत, कारण उंबरापर्यंत काय करायचं यावर आमचं अजून एकमत नसलं तरी उंबराच्या पुढं तार नको यावर झालं आहे. सोमवारी सकाळी आम्ही आधी तारेपर्यंत चालत जाणार आहोत आणि तिथून परत फिरून अर्ज द्यायला. ज्यांना यायचं आहे त्यांनी साडेसहाला शिवाजी पुलाच्या अलीकडं यावं.